मनकर्णाकाकूंचा तांब्या

खडकवाडी, ता. पाथर्डी
मार्च १९९५

प्रिय माधुरी,

जय भीम. संगमनेरला प्रवरेचं पाणी पिऊन आम्हाला विसरलीस, असा टोमणा मारणार होते, पण आज मन होत नाही. आपल्या महिला मंडळाची टाकी झाली. झाकणाची, तोट्यांची, तू सांगितली होतीस तशीच. सगळं गाव तिचं पाणी पितं, एक मनकर्णाकाकू सोडून.

यंदा टँकर शिमग्यालाच लागला. पूर्वी आम्ही चैत्र गाठायचो. गेल्या साली इथं आरोग्याच्या कामाला होतीस तेव्हा तू म्हणायचीस, उन्हाळे आता असेच लवकर येणार, तेव्हा टँकर आटलेल्या विहिरीत ओतायची रीत सोडा, ते गढूळ पाणी लेकरांना बाधेल. पटलं सगळ्यांना, पण जागेवरून घोडं अडलं. आमच्या वस्तीतल्या बायका म्हणाल्या, जन्मभर सगळ्यांच्या शेवटी पाणी भरलं, टाकी आमच्याकडे हवी. गावातल्या म्हणाल्या, देवळापाशीच. तू मधली, शाळेजवळची जागा सुचवलीस, तर मंडळाच्या अध्यक्षीण मनकर्णाकाकू भर बैठकीत म्हणाल्या, "तू चार दिसांची पाव्हनी, तुला काय कळतंय आमच्या गावातलं?" तू पिशवी उचललीस नि एसटीत बसलीस. त्या एसटीमागं कुणीतरी धावायला हवं होतं गं.

टँकर विहिरीतच रिता होत राहिला. गेल्या वैशाखात घरोघरी जुलाब-उलट्या लागल्या. काकूंची नात राजनंदिनी, तुझ्या मांडीवर बसून हात धुण्याचं गाणं म्हणायची ती, नगरला नेताना करंजी घाटातच गेली. आमच्या वस्तीत सगळे वाचले, पण त्याचं बरं वाटून घेववत नाही. पाणी एकाच विहिरीचं होतं.

दिवाळीनंतर काकूंनी शाळेजवळचं आपलं खळं टाकीला दिलं. डोक्यावर वाळूही वाहिली. पण स्वतः अजून त्या विहिरीच्या तळातलं डबकं शेंदतात. दोनदा आजारी पडल्या, तरी ऐकत नाहीत.

काल मी टाकीचं पाणी तांब्यात घेऊन गेले. वाटलं, माझ्या हातचं नको असेल. तसं नव्हतं. माझा हात धरून रडल्या. म्हणाल्या, "पोर ज्या पान्यानं गेली, त्येच मी पिनार. जिचं आयकलं न्हाई, तिच्या टाकीचं कुठल्या तोंडानं पिऊ?"

टपालाला उशीर होईल म्हणून हे पत्र कंडक्टरकडे देतेय. तुझा राग खरा आहे, तो धरूनच ये. तांब्या काकूंच्या उंबऱ्यात झाकून ठेवलाय. तू येईपर्यंत रोज पाणी बदलत राहीन. तो तू त्यांच्या हातात द्यायचा आहे.

वाट पाहणारी,
तुझीच यशोधरा