चूल पाहायला येणारा माणूस

१० नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ७.
आजपासून पाहणी. विषय: सरकारी योजनांचा कुटुंबावर होणारा परिणाम. पांढुर्ण्यातली वीस घरं, पंधरा दिवस, रिपोर्ट थेट कलेक्टर ऑफिसात. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर म्हणायच्या, तुझं अक्षर पाहून कोणी नाही म्हणूच शकणार नाही. रिटायर्ड शिक्षिकेनं आणखी काय करायचं?

११ नोव्हेंबर.
एकच घर झालं, प्रमिलाबाईंचं. सरकारच्या लेखी कुटुंब म्हणजे समग्र आयडी, घरातल्या सगळ्यांचा मिळून एक नंबर. त्यांच्याकडे तीन आयडी, स्वयंपाक एक. कारण विचारलं तर हसल्या. "मॅडम, एकाच आयडीत राहिलो तं सुनेचा दर महिन्याच्या पैशाचा फॉर्म कटते. तुमी काय नवीन विचारून राहिल्या?"
गुडघा दुखतो. उद्या चार घरं नक्की.

१४ नोव्हेंबर.
घरं शून्य. आमची सून उर्वशी म्हणाली, "आई, तुमच्या पेन्शननं माझा फॉर्म रिजेक्ट होते. आयडी वेगळी करून टाकू. कागदावरच तं आहे." अर्ज मीच लिहिला. मुलानं, गजेंद्रनं, माझ्याकडे न बघता सही केली. लहानपणी प्रगतिपुस्तक लपवताना असाच चेहरा करायचा.
आमचं घर पाहणीत घेणार नाही. इतकं पक्कं घर घेतलं तर निष्कर्ष बिघडतील.

१७ नोव्हेंबर.
आयडी वेगळी तर चूलही वेगळी आहे का, हे पाहायला माणूस येतो, असं उर्वशीनं ऐकलं. म्हणून तिची शेगडी समोरच्या खोलीत. दोन दिवसांचा प्रश्न.

२४ नोव्हेंबर.
माणूस आला नाही. गजेंद्र म्हणाला, "आई, आज शेगडी काढली अन् उद्या तो आला तं?" बरोबर आहे. पोरगा पुढचा विचार करतो.
पूर्वी या घरात अकरा जणांची पंगत बसायची. पोळ्या लाटता लाटता मी पोरांकडून पाढे म्हणून घ्यायची. आता दोन पोळ्या. एवढंसं पीठ मळायची हाताला सवय नाही.
पाहणी: एकूण दोन घरं. थंडी फार.

८ डिसेंबर.
शेवटी नगरपालिकेत गेले. काउंटरवर श्रावण, माझा जुना विद्यार्थी. म्हणाला, "मॅडम, असा माणूसच नाही. चुली कोण पाहून राहिलं?"
रिक्षा करून घरी आले. आजच शेगडी आत घेऊ, म्हणून उर्वशीला सगळं सांगितलं.
ती म्हणाली, "मालूम आहे मले, आई." आणि फोडणी घातली.

९ डिसेंबर, दुपार.
उर्वशीनं वांग्याची भाजी पाठवली, वाटीवर ताटली झाकून. चांगली झाली होती. वाटी धुतली. दुसऱ्या घरची वाटी रिकामी परत देत नाहीत, म्हणून शेंगदाण्याचे दोन लाडू घालून दिली.