पांघरुणाचं वजन

४ जानेवारी

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

मी वेळेवर जेवते का आणि झोपते का, हे तू प्रत्येक पत्रात विचारतेस आणि मी प्रत्येक पत्रात थाप मारते. यंदा ते सोडून देऊ, कारण मोठी बातमी आहे.

बालरोगाच्या शिक्षणात आम्हाला संशोधनासाठी तीन वर्षांत मिळून एक महिना सुटा मिळतो. बाकीचे त्यात झोप भरून काढतात. तू सिस्टर होतीस त्या वॉर्डातल्या, दहा वर्षांच्या वजनाच्या वह्या मी काढून बसले. निम्म्या पानांवर तुझंच टपोरं अक्षर आहे. नोंदीत दोन किलोच्या जरा वर असलेली नवजात बाळं मी वेगळी काढली. उन्हाळ्यातली बहुतेक सगळी धडधाकट घरी गेली, थंडीतली मात्र त्यांच्या दुपटीहून जास्त दगावली. वजन सारखं, वॉर्ड तोच, म्हणजे एवढ्या वजनाचं बाळही दगावायला नुसती थंडी पुरते, असा निष्कर्ष मी काढला. आमच्या मॅडम कौतुकाच्या बाबतीत पक्क्या कंजूष, पण त्यांनीच शोधनिबंध परिषदेकडे पाठवला आणि तो निवडला गेला. वीस तारखेला वाचायचा आहे. नीट पार पडलं तर पुढे संशोधनाची जागा मिळेल, आणि मला तीच हवी आहे.

सगळं तुझ्या अक्षरावर उभं आहे, म्हणून पहिली बातमी तुला. शेजारी मिरवलंस तरी चालेल.

तुझ्या आशीर्वादावर हक्क सांगणारी,
खारुताई

११ जानेवारी

चि. खारुताईस, अ. उ. आ.

तुझं पत्र तीनदा वाचलं. दोनदा कौतुकाने. तिसऱ्यांदा वाचताना ‘थंडीतली’ या शब्दाशी अडले.

काट्याचं ताट थंडीत इतकं गार असायचं की उघडं बाळ ठेवलं की निळं पडे. म्हणून मीच सगळ्या सिस्टरना शिकवलं, की बाळ गुंडाळलेलंच ठेवा आणि कापडाचे शंभर ग्रॅम वजा करा. पातळ कापडाचे शंभर बरोबरच होते. थंडीत आम्ही लोकरी पांघरूण घ्यायचो, आणि सवयीने तेव्हाही शंभरच वजा करायचो. मी निवृत्त झाले त्या दिवशी मुलींनी त्यातलं एक मला आठवण म्हणून दिलं होतं. काल ते स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं. तीनशे वीस भरलं.

म्हणजे थंडीतली ती बाळं दोन किलोची नव्हतीच. दोन किलोच्या आतलं बाळ उबदार खोलीत न्यायचा नियम होता, आणि माझ्या वजाबाकीमुळे ती साध्या पाळण्यात राहिली. त्यांना गारवा लागू नये म्हणून मी जीव टाकत होते गं. त्यांच्या आया जाताना माझे आभार मानून गेल्या आहेत.

तुझा शोधनिबंध यात कोसळतो, हे मला कळतंय. तरी हे पत्र मॅडमना दाखव. माझं नाव झाकू नकोस. आणि सगळ्यात आधी पाहा, तिथे अजून तसंच वजन करतात का.

रागावलीस तरी पत्र लिहिणं सोडू नकोस.

तुझी आत्या

२३ जानेवारी

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

तुझं पत्र मला चौदा तारखेला मिळालं. मी ते खणात ठेवलं. परिषद होऊन जाऊ दे, मग दाखवू, असं ठरवलं. वॉर्डात जाऊन पाहिलंही नाही, कारण पाहिलं असतं तर गप्प बसता आलं नसतं.

अठराला सकाळी साध्या पाळण्यातलं एक बाळ गार पडलं. त्या दिवशीची नोंद दोन हजार सत्तर होती. मी त्याला उघडं करून काट्यावर ठेवलं, तर एक हजार आठशे पन्नास. दुपारी ते गेलं. त्याची आई माझा हात धरून म्हणाली, की तुम्ही फार धावपळ केलीत.

तिथूनच मी मॅडमकडे गेले आणि सगळं सांगितलं, खणातले चार दिवसही. त्या स्वतः वॉर्डात आल्या, ताट तापवून घेतलं आणि तेराच्या तेरा बाळांची उघड्याने वजनं केली. चार उबदार खोलीत हलवली. शोधनिबंध मागे घेतला. लवकर हलवलं असतं तर ते बाळ वाचलंच असतं असं छातीठोकपणे सांगता येत नाही, असं त्या म्हणाल्या. संशोधनाच्या महिन्यातले सात दिवस अजून घ्यायचे उरलेत, त्यात ही चूकच लिहून काढ, असंही म्हणाल्या. मला पेन धरवत नाही.

तुझ्याकडून चूक झाली. मला तर माहीत होतं.

तुझी

२९ जानेवारी

चि. खारुताईस, अ. उ. आ.

माहीत होतं, हे खरं आहे. मी ते पुसू शकत नाही आणि पुसणार नाही. पण तुझे चार दिवस आणि माझी इतकी वर्षं यांची बेरीज करत बसू नकोस. मी करून पाहिली, हाती काही लागत नाही. ती चार बाळं कशी आहेत ते मात्र कळव.

उरलेल्या दिवसांत लिही. पहिली नोंद तुझ्या त्या बाळाची असू दे, दोन्ही वजनांसकट. त्याखाली माझी वजाबाकी, माझ्या नावाने.

सोबत ते पांघरूण पाठवते आहे. कोपऱ्यावर लाल दोऱ्याने तीनशे वीस असं काढलंय. काट्याशेजारी ठेव. वॉर्डातली बाकीची पांघरुणंही एकेक वजन करून, वर चिठ्ठी लावून माझ्याकडे पाठव. सगळ्यांवर आकडे घालून देते. सुईत दोरा ओवण्याइतके डोळे अजून शाबूत आहेत.

लोभ आजवर होता, तो हे सगळं कळल्यावरही राहू दे.

तुझी आत्या