बरा झालेला उंदीर

४ नोव्हेंबर
प्रयोगशाळेतला पहिला दिवस झकास गेला. खोली लख्ख, खिडकीत कुंड्या, आणि उंदीर माझ्यापेक्षा टापटीप. काम सोपं आहे: आधी विषारी औषधाने त्यांचं यकृत बिघडवायचं, मग रानपाल्याचा अर्क पाजून ते सुधारतं का पाहायचं. घरी दादाला सांगितलं तर म्हणाला, माझं आयतंच बिघडलंय, मलाच ने पिंजऱ्यात. दोघंही हसलो. डोळे मात्र पिवळेधमक आहेत त्याचे. डॉक्टरांनी हात टेकलेत, आणि मला त्याच्याशिवाय कोणी नाही.

१९ नोव्हेंबर
उपचार संपले. ठरल्याप्रमाणे उंदीर मारून यकृतं काढली. अर्क न पाजलेल्यांची फिकट, खडबडीत. पाजलेल्यांची लालबुंद, नव्यासारखी. सर, म्हणजे आमचे प्रमुख, खुशीत शीळ घालत होते.
अर्क पाजलेल्यांतल्या एकाला मात्र माझ्याने मारवेना. रोज माझ्या बाहीत शिरून बसायचा, लाडोबा. सरांचा डोळा चुकवून त्याला मागच्या खोलीत ठेवला. अर्काची एक बाटलीही पिशवीत टाकली. चोरी ती चोरीच, पण दादासाठी मी याहून मोठी केली असती.

३ डिसेंबर
दादाच्या डोळ्यांतला पिवळेपणा गेला! बाटली कालच संपली. आज जिना चढून आला आणि वर मलाच म्हातारी म्हणाला. जेवतोही दणकून. माझा जीव भांड्यात पडला. लाडोबाही खादाड झालाय, पोट सुटलंय त्याचं.

९ डिसेंबर
लाडोबाचं पोट दगडासारखं लागतं. दाणे संपवून त्याने पिंजऱ्यातला भुसाही खाल्ला. पायांच्या काड्या झाल्यात. अर्क तर त्याला केव्हाच बंद केलाय.

१२ डिसेंबर
न राहवून सरांना दाखवला. रागावतील वाटलं होतं, पण पोट चाचपून ते खालीच बसले. म्हणाले, हे सगळं यकृतच आहे, अजून वाढतंय. मी विचारलं, आधी कसं दिसलं नाही?
"उपचार संपला की आपण मारतो त्यांना. पुढचं कोणी पाहिलेलंच नाही."
मग दादाचं सांगितलं. ते नुसते हात धूत राहिले.

१४ डिसेंबर
लाडोबा स्वतःची शेपटी खातोय. अंगातलं सगळं त्या यकृतालाच लागतंय.
कापून काढता येईल का, विचारलं. सर म्हणाले, कापलेलं यकृत पुन्हा वाढतं — तोच तर त्याचा गुण —

१५ डिसेंबर
दादाचे दंड हाडाला चिकटलेत. त्याला पत्ता नाही. तुझ्यामुळे वाचलो म्हणतो. काय सांगू? कोणत्या तोंडाने —

१६ डिसेंबर
घरातलं संपलं. कोरडं पीठ खातोय, मुठीमुठीने. सदऱ्याची बटणं लागत नाहीत. हसतोय.
माझा हात ओढून पोटावर ठेवला. बघ, म्हणाला, किती बरं वाटतंय. आतून काहीतरी दगडासारखं माझ्या बोटांना ढकलतंय —