टेम्पोवाले इसहाक

घोडेगाव

प्रिय बजरंग भावजी,

हे पत्र सकाळपासून किती वेळा सुरू केलं आणि टाकून दिलं, सांगता यायचं नाही. बाहेर जनावरांचा बाजार भरलाय, टेम्पो मागेपुढे होतायत, म्हशी ओरडतायत, आणि मी एक ओळ लिहिली की उठून आतल्या खोलीत डोकावून येते. फोनच करणार होते. पण तुम्ही नुसतं 'काय वहिनी' म्हणाला असता तरी मला रडू फुटलं असतं आणि बोलायचं ते राहून गेलं असतं. राहुरीच्या त्या लग्नानंतर आपल्या दोन घरांत येणं-जाणं राहिलं नाही, तेव्हा आधी खुशाली विचारायला हवी. तुमच्या कडूबाईंचे गुडघे आता कसे आहेत? पुणतांब्याला यंदा नदीला पाणी होतं का? हे विचारतेय खरं, पण माझं चित्त थाऱ्यावर नाही, ते तुम्हाला अक्षरावरूनच कळलं असेल.

तुमच्या दादांना पावसाळा सरता सरता अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात-पाय हळूहळू सुधारतोय, पण वाचा गेली. समजतं सगळं. कोण आलं, काय म्हणालं, आमटीत मीठ कमी पडलं, सगळं कळतं. तोंडातून शब्द मात्र येत नाही. माझं नावसुद्धा नाही. दवाखान्यात कितीतरी दिवस ते नुसते ओठ हलवत होते. मग एका सकाळी नर्स सलाइन बदलत होती, तेव्हा त्यांनी डोळे मिटले आणि गायला लागले. स्वच्छ, सुरात, एकही शब्द न चुकता:

टेम्पोवाल्या दादा, घे जरा हळू,
माझं गाव मागं ऱ्हायलं…

सगळा वॉर्ड उठून बसला. मी देवाचे आभार मानले. वाटलं, आवाज परत आला, आता बोलतील. गाणं संपवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तोंड उघडलं, आणि काहीच नाही. गळ्याच्या शिरा फुगेपर्यंत जोर केला, तर पुन्हा 'टेम्पोवाल्या दादा'.

या गाण्याचा त्यांना किती राग होता, ते तुमच्याइतकं कुणाला ठाऊक? तुमच्या बहिणीची पाठवणी करून येताना टेम्पोच्या हौद्यात बसल्याबसल्या तुम्ही ते रचलंत आणि यांनी यात्रेत गायलं. त्यानंतर कोपरगावापासून कर्जतपर्यंत त्याच्याशिवाय लग्न लागेना. नवरीची आई रडायची, वऱ्हाडातली पोरं नाचायची, एकाच गाण्यावर. आणि हे झाले टेम्पोवाले इसहाक. नाताळची गाणी बांधली, दुष्काळावर बांधलं, आईवर बांधलं. लोक मान हलवून ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, 'ते असू द्या, टेम्पोवालं होऊ द्या.' शेवटी राहुरीला त्यांनी माईक खाली ठेवला आणि मांडवातून चालते झाले. तुम्ही ढोलकी गळ्यात तशीच घेऊन मागे धावलात. 'दादा, लोकांनी आपलं येक तरी गानं ठिवून घेतलंय. लई जनांचं तेबी ऱ्हात न्हाई.' ते वळूनही न बघता म्हणाले, 'मग तूच गा.' आपली गाण्याची पार्टी तिथंच मोडली. मला तुमचंही पटत होतं, त्यांचंही. आजही पटतं.

आता घरात तेच एक गाणं उरलंय. तहान लागली तरी तेच, दुखलं तरी तेच, राग आला तर दातओठ खाऊन तेच. सारा पुण्याहून आली, तेव्हा यांनी लेकीचा चेहरा डाव्या हातात धरला आणि बोलायला गेले तर 'टेम्पोवाल्या दादा'. ती आधी हसली, मग रडली, आणि यांनी स्टीलचा ग्लास भिंतीवर भिरकावला. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, तर आमेनच्या जागी तेच निघालं. नंतर दिवसभर ते भिंतीकडे तोंड करून पडून होते. भेटायला आलेल्या एकानं मोबाईलवर रेकॉर्ड करून स्टेटसला ठेवलं, 'इसहाकभाऊ ठणठणीत, आवाज हाय तसाच!' दुसऱ्या दिवसापासून लोकांची रीघ. दारात उभं राहून फर्माईश करतात, भावजी! मी सरळ दार लावून घेते. त्यांना गाणं ऐकू येतं. मला त्यात कधी 'पाणी' ऐकू येतं, कधी 'पाय दुखतोय', कधी 'यांना घालव'. मी ओळखायला जाते आणि चुकते. चुकले की ते असं बघतात की मला उठून अंगणात जावं लागतं.

नगरला धनश्री म्हणून एक मुलगी आहे, वाचा गेलेल्यांना बोलायला शिकवते. ती म्हणाली, बोलणं आणि गाणं यांच्या जागा मेंदूत वेगवेगळ्या असतात. यांची बोलण्याची दुखावलीय, गाण्याची शाबूत आहे. पाठ असलेल्या चालीत रोजच्या गरजेचे शब्द बसवून ते गाऊन घेतले, तर पुढे चाल सुटते आणि शब्द राहतात. खात्री देत नाही, पण काहींना आलंय म्हणाली. तिनं बसवून पाहिले, मीही पाहिले. मात्राच जुळेनात. यांनी हातानं माझं तोंड दाबलं. वाचा गेली तरी बेसूर खपवून घेत नाहीत. भावजी, चाल तुमची आहे. तिच्यात कुठं काय मावतं, ते तुम्हालाच माहीत. म्हणून हे पत्र. ढोलकी घेऊन या आणि या गाण्यात नवे शब्द घाला. पाणी, दुखतंय, कुशीवर वळव, साराला फोन लाव. माझ्या नावाची घाई नाही. मात्र सगळ्यांच्या आधी 'नको' घाला. माणसाला नको म्हणता आलं पाहिजे. आणि तो शब्द जमला की पहिल्यांदा ते तो तुम्हालाच म्हणतील, हे धरून चला. तरी उठून जाऊ नका. ताल धरून बसा.

वाट बघणारी, तुमचीच
एस्तेरवहिनी