पट्टीखालचा उजेड

मेस्त्री, आज तुमची पोलादी पट्टी पुन्हा बाहेर काढली. तेलकट फडक्यात गुंडाळून तुम्ही दिलीत तशीच ती कपाटात असते, फडकं तेवढं चारदा बदललं. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली आणि हे गॅरेज माझ्या गळ्यात पडून वीस. गळ्यात पडलं असंच लिहितो, तुमच्यासमोर ते कधी म्हणता आलं नाही. तीन बाजूंना जांभ्याच्या भिंती, चौथीला शटर, मध्ये गाडीखाली उतरायचा खड्डा. लोकांना शटर खाली ओढल्यावर कोंडल्यासारखं होत असेल, मला रोज सकाळी ते वर करताना होतं. बायको म्हणते, कुठे जायचं तर जा की, तुम्हाला कोणी बांधून ठेवलंय?

काल मालगुंडकडच्या शाळेतल्या एक बाई गाडी घेऊन आल्या. आरे-वारेच्या चढावर गरमीची सुई वर गेली, त्यांनी पाणी ओतलं आणि तशाच निघाल्या, पुन्हा सुई वर. "पाणी रोज कमी होतं, पण खाली थेंब नाही सांडत," म्हणाल्या. तुमचं ठरलेलं वाक्य माझ्या तोंडात आलं: पाणी बाहेर नाय गेलं म्हणजे आत गेलं. तेलाचं झाकण काढलं तर आतून दुधाच्या चहासारखा रंग. रेडिएटर उघडा ठेवून इंजिन चालू केलं तर बुडबुडे. इंजिन आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं गॅस्केट गेलेलं. आज सकाळी हेड उतरवलं, दोन नंबर आणि तीन नंबर सिलिंडरच्या मधला गॅस्केटचा पट्टा जळून काळा पडला होता. नवं गॅस्केट टाकून संध्याकाळपर्यंत गाडी देता आली असती. बाईंना घाईही होती. उद्या नाटे बंदरात भावाची नवी होडी पाण्यात उतरायची होती आणि पूजेचं सामान, म्हातारी आई, सगळं गाडीतून न्यायचं होतं. त्या बाकावर बसून माझ्या हातांकडे बघत होत्या. मी हेड पुसलं, पट्टी आडवी ठेवली आणि दाराकडे धरलं, तुम्ही शिकवलंत तसं. पट्टीखालून उजेड दिसला तर हेड वाकलंय, मशीनवर सपाट केल्याशिवाय बसवायचं नाही.

आणि मी तिथेच अडकलो. मी दाराकडे हेड धरून उभा आहे आणि माझ्यासमोर तुम्ही उभे आहात, वीस वर्षांपूर्वीच्या त्या नाटे गावच्या, शिटा भरून नेणाऱ्या वडाप जीपचं हेड घेऊन. तुम्ही एक डोळा मिटता, बराच वेळ बघता. "उजेड वाटतोय रे मला. कोल्हापूरला न्यायला लागेल. तू बघ, तुझे डोळे तरणे." तेव्हा हेड सपाट करायचं काम इथे कोणी करत नव्हतं. हेड घेऊन कोल्हापूरला जायचं म्हणजे मीच जायचं, तीन दिवस. दुसऱ्या दिवशी मुंबईत माझी मुलाखत होती, बोटीवर इंजिन रूममधल्या नोकरीची. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही स्वतः हेड घेऊन गेला असतात, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण सांगायचा धीर नव्हता. मी वाकलो, बघितलं आणि म्हणालो, "नाय मेस्त्री, सरळ आहे."

तुम्ही शर्टाच्या बाहीनं डोळे पुसलेत. पुन्हा बघितलंत. मग म्हणालात, "तू म्हणतोस तर असेल. माझंच कायतरी."

बारा दिवसांनी जीप भर चढावर वाफा सोडत बंद पडली. हेडला चीर गेली होती. जीपचा मालक गॅरेजच्या दारात येऊन चार माणसांदेखत वाटेल ते बोलला. मी खड्ड्यात उभा होतो, मान खाली. तुम्ही त्याला म्हणालात, "ह्याचा दोष नाय. माझ्या डोळ्यानं फसवलान मला." त्यानंतर तुम्ही इंजिनाला हात लावला नाहीत. त्याच आठवड्यात त्या मुलाखतीवरून मला बोटीवर बोलावणं आलं आणि त्याच आठवड्यात तुम्ही ही पट्टी आणि शटरची किल्ली माझ्या हातात दिलीत. "आता तू बघायचंस." मी गेलो असतो तर गॅरेजला कुलूप लागलं असतं, आणि ते माझ्या एका वाक्यानं. बोलावण्याचं पत्र मी चिंध्यांबरोबर जाळलं.

पुढे सहा वर्षं तुम्ही दारात स्टूल टाकून बसलात, इंजिनाकडे पाठ करून. गिऱ्हाईकानं काही विचारलं की म्हणायचात, त्याला विचारा, मला दिसत नाय. आणि वळणावरून येणाऱ्या एष्टीची पाटी तिथूनच वाचून सांगायचात, ही जयगड, ही राजापूर. एकदाही चुकला नाहीत. मी आत पाने आपटत राहायचो. कधी कधी तुमचाच राग यायचा, अजूनही येतो. एकदा तरी उलटून विचारायचं होतंत, खरं सांग म्हणून.

आज मला खात्री होईना. हल्ली सगळ्याच गोष्टींच्या कडा मला जरा पसरट दिसतात. म्हणून बाईंना म्हटलं, "जरा बघता का, पट्टीखालून उजेड येतो का?" मग वाटलं, चुकलंच, गाडीची घाई असलेल्या माणसाला विचारतोय. उजेड दिसला तर गाडी उद्या मिळणार नाही, हेही त्यांना आधी सांगून बसलो होतो. त्या पदर खोचून वाकल्या. थोडा वेळ बघितलं.

"येतोय की. केसाएवढा. हा बघा, मधोमध." मग सरळ झाल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे उद्या गाडी नाही. बरं, आईला घेऊन एष्टीनं जाईन."

पिशवी उचलून गेल्यासुद्धा. इतकं सोपं होतं ते, मेस्त्री. हेड एमआयडीसीत मशीनवर पाठवलंय, परवा येईल. भर दुपारी गॅरेज उघडं टाकून, खड्ड्याच्या कडेला बसून मी हे लिहितोय. लिहून झालं की पट्टीबरोबर फडक्यात गुंडाळून ठेवीन, दुसरीकडे कुठे पाठवणार?

त्या दिवशी पट्टीखाली उजेड होता. मला दिसला होता. तुमचे डोळे चांगले होते.