रोगणाचा शेवटचा हात

९ सप्टेंबर १९४५, रविवार
कयाकचं लाकूडकाम संपलं. एस्किमो लोकांची होडी. मासिकात चित्र बघून अख्ख्या सांगलीत मीच पहिली बांधली. बसायला दोन भोकं. पुढं बायको त्रिशला, मागं मी. आता फक्त फिनिशिंग! अंग आरशासारखं गुळगुळीत हवं. ड्रॉइंग मास्तरच्या होडीवर ब्रशचा फराटा दिसला तर शाळेतली पोरं काय म्हणतील?
गुंडा सुतार म्हणाला, मास्तर, योक हात मारा आन् सोडा पाण्यात. या लोकांना घाई फार.

११ सप्टेंबर, मंगळवार
आम्हा जैनांचं दशलक्षण पर्व सुरू. नदीपलीकडं सांगलीवाडीत सासूबाईंनी दहा उपवास धरलेत. पारणं फक्त लेकीच्या हातचं मुगाचं कढण घेऊन करणार. मी जाहीर केलं की लेकीला त्या दिवशी माझ्या होडीतून आणीन. त्रिशला म्हणाली, पूल हाय की. पुलावरून काय, कुणीही जातं.
सासूबाई म्हणाल्या, जावईबापू, तुमी उपास नगा करू, निस्ता किडामुंगीला धक्का लावू नगा, येवढा धा दिसांचा नेम घ्या. ताबडतोब घेतला. सोपा आहे.

१३ सप्टेंबर
जवसाचं तेल आणि राळ उकळून रोगण केलं. पहिला हात दिला. सुंदर! दुपारी बघतो तर चिलटं, दोन मुंग्या आणि एक पतंग चिकटलेला. ब्रशच्या टोकानं हळूच सोडवला. पतंग सुटला, पंख होडीवरच राहिला.
मी काही मारलं नाही. ते आपणहून आले. तरी जेवण गेलं नाही.

१४ सप्टेंबर
उपाय सापडला. घरातली मच्छरदाणी होडीवर टाकली. आता नेम शाबूत. घरात मच्छरदाणी एकच आहे, त्यामुळे डास आम्हाला. त्रिशलाचे हात सुजलेत. बघवेना, म्हणून होडीकडं बघत बसलो.

१५ सप्टेंबर, शनिवार
रोगण वाळत नाही. हवा दमट, माझा दोष नाही. लाखेचं पॉलिश करायचं ठरवलं. स्पिरिटमुळं चटकन वाळतं. त्रिशलानं विचारलं, लाख कशाची असती वो? झाडाचा चीक, म्हणालो. लाख झाडावर मिळते, हे खरंच आहे. ती किडा करतो आणि लाखेबरोबर किडेही जातात, एवढं तिनं विचारलं नव्हतं.
मंदिरात आज सत्यधर्मावर प्रवचन होतं. डोकं दुखत होतं, गेलो नाही.

१८ सप्टेंबर
खालचं रोगण ओलं, त्यावर लाख सुरकुतली. वरून पांढुरकी झाली. कोड आल्यासारखी दिसते. सगळी पॉलिश पेपरनं घासून काढली. पुन्हा रोगण. हा शेवटचा हात, शपथ. गुंडा म्हणाला, मास्तर, होडी पाण्यात जायाची हाय, बोहल्यावर न्हवं.

२० सप्टेंबर
बोट लावून पाहिलं. ठसा उमटला. तो बुजवायला आणखी एक हात.

२१ सप्टेंबर, शुक्रवार
पारणं. आम्ही सकाळीच घाटावर. त्रिशलाच्या हातात झाकलेलं कढण. होडी अजून थोडी चिकट. म्हणालो, जरा ऊन लागू दे. त्रिशला थांबली. पलीकडच्या काठावर सासूबाई दिसत होत्या, दोन बायकांनी धरलेल्या. त्या हात हलवत होत्या. मीही हलवला. ऊन वर आलं तरी रोगण काही वाळेना.
शेवटी म्हणालो, आधी मी बसून बघतो. बसलो. बैठकीला मी जास्त प्रेमानं हात दिले होते. उठता येईना. गुंडानं बगलेत हात घालून ओढलं. मी वर आलो, धोतर होडीतच राहिलं. घाटावर बायका धुणं धूत होत्या.
त्रिशला कढण घेऊन पुलाकडं चालू लागली. पूल ओलांडेपर्यंत ती मला दिसत होती. दहा दिवसांची उपाशी म्हातारी मी उन्हात उभी केली. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

२२ सप्टेंबर, शनिवार
आज एकमेकांची क्षमा मागायचा दिवस. शेजाऱ्यांची मागितली. गुंडाची मागितली. होडीजवळ जाऊन किड्यांची एकत्रच मागितली, वेगळं मोजणं शक्य नव्हतं. मग त्रिशलाकडं गेलो. तिनं आज चूल पेटवली होती, पण ताट एकच वाढलं होतं.
विचारलं, तुझं ताट? म्हणाली, माजा उपास हाय. काल कढण घ्यायच्या आदी आईनं पुसलं, जावईबापूंनी नेम पाळला का? मी व्हय म्हनलं. लाख कशाची असती ते मला ठावं होतं वो, तरी बी व्हय म्हनलं. पारण्याच्या दिशी आईसंगं खोटं बोलले, त्येचा ह्यो उपास.
म्हणालो, मग मीही आजपासून नेम घेतो...
घाईघाईनं माझ्या पानात भाजी वाढत म्हणाली, नगा वो, पाया पडते. त्यो बी मलाच फेडाय लागंल.
जेवलो.