दहापैकी किती

सेवलिएवो,
३ ऑक्टोबर

चिरंजीव ल्युबेन,

आईचा आशीर्वाद. मिरच्या भाजून बरण्यांत भरून झाल्या. शेजारच्या राद्काच्या गुडघेदुखीने परत उचल खाल्ली आहे. बाबा मजेत आहेत. मजेतच आहेत, हीच तर माझी तक्रार आहे.

तुझ्या त्या दुःख घालवायच्या शिबिरात तू त्यांच्या डोक्याला तारा लावल्यास. कपाळावर, गालांवर, हनुवटीखाली बोटांनी टकटक केलीस आणि विचारलंस, "बाबा, नेवेनाचं दुःख दहापैकी किती?" ते म्हणाले, दहा. थोड्या वेळाने डोळे अर्धवट मिटून, तोंडभर हसू आणून म्हणाले, "शून्य." पडद्यावर मेंदूचा लाल रंग निळा झाला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. पोटची पोर गेल्याचं दुःख पुसलं गेलं म्हणून टाळ्या! तुझी सख्खी बहीण ना रे ती?

घरी आल्या आल्या त्यांनी फाटकावर लावलेला नेवेनाच्या निधनाचा कागद काढला, तो काळ्या चौकटीतला, फोटोचा. मी म्हटलं, "अहो, अजून वर्षही झालं नाही!" तर म्हणतात, "त्सोंका, त्यात आता काही उरलं नाही गं." त्याच कागदाच्या पाठीवर त्यांनी टोमॅटोचं बी वाळत घातलंय.

शनिवारी तिला जाऊन वर्ष होतंय. मी गहू उकडून, साखर-अक्रोड घालून थडग्यावर नेणार. बाबा येत नाहीत म्हणे, मासे धरायला जाणार. शिसारी येते मला त्या शांत चेहऱ्याची. तुझ्या बोटांचीही येते, आणि तीच बोटं धरून मी तुला चालायला शिकवलं.

तू म्हणशील, आई, तू एकदा करून तर बघ. केलं. काल तिच्या थडग्याशी बसून, तू शिकवतोस तसंच. कपाळ, गाल, हनुवटी. आणि हलकं वाटलं रे! मग तिची हाक आठवायला गेले, तर आवाजच येईना. घाबरून मी दोन्ही हात मातीत घासले.

शनिवारी ये. बाबांना उचलून आण हवं तर, पण आण. त्या तारा-बिरा तिकडेच ठेव. माझा आकडा दहा होता, आता नऊ झालाय. तो एक मला परत हवा आहे.

तुझी, आणि अजून नेवेनाचीही,
आई